पाण्यावर नावाड्याचं ऐका: ओकावांगोला सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बोट्स्वानाला सफारी सहली नेणारे महाराष्ट्रातले सर्व सहल-संयोजक आणि टूर लीडर यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्राला निमित्त तुमची सहल-पत्रकं. केनिया-टांझानियाच्या जोडीला त्यांत आता बोट्स्वाना दिसू लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. व्हिक्टोरिया धबधबा, चोबे राष्ट्रीय उद्यान, मग ओकावांगो नदीचा पाणथळ प्रदेश, असा बहुतेकांचा मार्ग. ओकावांगोच्या दिवशी सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्या मधे कुठेतरी एक ओळ असते: मोकोरो राइड, एक तास. मोकोरो म्हणजे तिथली काठीने रेटायची अरुंद होडी. मला बोलायचं आहे ते या एका ओळीबद्दल.

माझी थोरली बहीण लग्न होऊन गॅबोरोनीला, बोट्स्वानाच्या राजधानीत, गेली. तिच्याकडे जाता-येता मला माऊनची, म्हणजे ओकावांगोच्या दक्षिण टोकाच्या गावाची, आणि ओकावांगोच्या पाण्याची ओढ लागली. पूर चढताना, पूर भरात असताना आणि पाणी पार आटलेलं असताना, अशा तिन्ही वेळी मी त्या होडीत बसले आहे. तिथले पोलर, म्हणजे काठीने होडी रेटणारे नावाडी, कसे काम करतात ते जवळून पाहिलं आहे. तुमच्याकडे मागणं एकच आहे. मोकोरोच्या बाबतीत कधी जायचं, किती वेळ जायचं आणि कुठून जायचं, हे नावाड्याला ठरवू द्या. तुमचा कार्यक्रम त्याच्या सोयीने आखा. आज सगळं उलट चाललं आहे.

आधी नदीविषयी. ओकावांगो समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या पठारावर कुबांगो आणि कुइतो या दोन नद्या उगम पावतात, नामिबियाच्या सीमेवर एक होतात, पोपाच्या खडकांवरून उतरून मोहेंबोपाशी बोट्स्वानात शिरतात आणि तिथून पुढे कलहारीच्या वाळूत पसरत पसरत संपतात. उगमापासून शेवटापर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर. शेवटच्या अडीचशे किलोमीटरमध्ये जमीन उतरते ती साठ-पासष्ट मीटर. एवढ्या सपाटीवर पाणी धावणार कसं? ते सरकत राहतं. अंगोलात पाऊस पडतो डिसेंबर ते मार्च. त्याचा फुगवटा एप्रिलच्या सुमाराला मोहेंबोला येतो आणि माऊनला पाण्याची खरी भर येते जुलै-ऑगस्टमध्ये. माऊनला तेव्हा थंडीचे दिवस असतात, कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब पडलेला नसतो, आभाळ निरभ्र असतं आणि नदीला पूर असतो. वरून आलेलं हे पाणी बहुतेक सगळं ऊन आणि झाडंझुडपंच पिऊन टाकतात. दक्षिणेकडून बाहेर पडतं ते जेमतेम दोन टक्के. पाण्याखाली असलेला प्रदेश पूर ओसरल्यावर सहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असतो आणि चांगल्या पुरात पंधरा हजारांपर्यंत जातो.

आता तुमच्या तारखा बघा. आपली माणसं निघतात ती मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. मे महिन्यात उत्तरेला पाणी असतं, पण माऊनच्या बाजूला ते अजून वाटेतच असतं. दिवाळीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिथे वर्षातला सगळ्यात कडक उन्हाळा असतो आणि पूर केव्हाच उतरलेला असतो. जनावरं उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात, त्यामुळे गाडीतून प्राणी बघायला हा काळ उत्तम आहे, ते मलाही मान्य. पण माऊनजवळच्या बोरो नदीच्या फाट्यांवर त्या दिवसांत होडीचा तळ चिखलाला घासतो. कित्येक ठिकाणी नावाड्याला खाली उतरून, गुडघाभर गाळातून, पाहुण्यांसकट होडी ओढत न्यावी लागते. पत्रकात छापलं आहे, पैसे भरले आहेत, म्हणून तो ओढतो. २०१९ साली तर दुष्काळाने माऊनमधलं थमलाकाने नदीचं पात्रच कोरडं पडलं होतं आणि न्गामी सरोवरात पाणघोडे चिखलात रुतून बसले होते.

ज्यांना शाळेच्या सुट्ट्या सांभाळायच्या नसतात, अशा ज्येष्ठांच्या सहली तुम्ही खूप काढता. त्या आषाढ-श्रावणात काढा. इथे पाऊस लागलेला असताना तिथे हवा कोरडी, सकाळी स्वेटर घालायला लावणारी आणि पाणी काठोकाठ असतं. दिवाळीच्या सहलीत मोकोरो हवीच असेल तर गट उत्तरेला, सेरोंगाच्या बाजूला, बारमाही पाण्यावर न्या. ते जमत नसेल तर ती ओळ पत्रकातून काढून टाका आणि का काढली ते लोकांना सांगा. आपले प्रवासी समजूतदार असतात. खरं कारण सांगितलं की कुणी भांडत नाही, हा माझा तरी अनुभव आहे.

आता होडीबद्दल. मोकोरो एका अखंड खोडातून कोरून काढतात. लांबी साधारण सहा मीटर आणि रुंदी अशी, की बसलेल्या माणसाच्या कंबरेला दोन्ही काठ जवळजवळ लागावेत. तळ गोलसर असतो, कणा नाही, सुकाणू नाही. जॅकलबेरी, सॉसेज ट्री, मुकवा अशा मोठ्या झाडांची खोडं वाकसाने तासत तासत ही होडी घडवत. १८४९ साली मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन न्गामी सरोवरापर्यंत पोचला, तेव्हा वाटेत बोटेती नदीवर त्याने या होड्या पाहिल्या, त्यांत बसून प्रवासही केला. खोडाला बाक असेल तर होडीलाही बाक असतो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. ते आजही खरं आहे. जुनी लाकडी मोकोरो सरळ रेषेत कधीच जात नाही. ती कुठल्या अंगाला ओढते ते तिच्या नावाड्याच्या हाताला माहीत असतं.

एवढ्या जाडीचं खोड तयार व्हायला झाडाला माणसाच्या आयुष्याहून जास्त वर्षं लागतात, आणि पाण्यात-चिखलात सतत वापरलेली होडी तेवढी टिकत नाही. म्हणून पर्यटनाच्या कामासाठी आता बहुतेक ठिकाणी फायबरग्लासच्या मोकोरो आल्या आहेत. घाट तोच, तोल तोच, रेटायची काठीही तीच. तरीही आपल्या गटांतले काही जण किनाऱ्यावर उभं राहून हट्ट धरतात: आम्हाला खरी लाकडी हवी, फोटोत प्लॅस्टिक दिसतं. कृपा करून हा हट्ट पुरवू नका. तुमच्या पाहुण्यांच्या फोटोसाठी तिथे झाड पडू नये. जुनी लाकडी होडी गावात असेल आणि मालक दाखवायला तयार असेल, तर ती काठावर बघा, हात लावून बघा, त्याबद्दल त्याला काही द्या. त्यात माणूस बसवून पाण्यात ढकलायचा आग्रह मात्र नको.

आणि नावाड्याकडे बघा. मला या पत्रात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते त्याच्याविषयीच.

तो होडीच्या मागच्या टोकाला उभा राहतो. एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे सैल. हातात न्गाशी, म्हणजे साडेतीन-चार मीटरची काठी, मोगोनोनो झाडाची, खालच्या टोकाला बेचकी असलेली. बेचकीमुळे काठी गाळात खोल रुतत नाही. ती तो होडीच्या अंगाला अगदी लागून, जवळजवळ उभी, पाण्यात सोडतो. तळ लागला की हात वर वर चढवत रेटा देतो. होडी सरकली की मनगटाला हलका पीळ देऊन काठी गाळातून सोडवून घेतो, आणि मागे तरंगत येणाऱ्या त्याच काठीचं सुकाणू करतो. सोडवायला क्षणाचा उशीर झाला तर होडी पुढे जाते आणि नावाडी काठीला लटकत मागे राहतो. नवशिक्या पोरांचं असं होतं आणि काठावरची सगळी वाडी हसते. मुरलेल्या नावाड्याचे रेटे आपल्याला जाणवतसुद्धा नाहीत. होडीच्या बुडाला पाणी लागल्याचा आवाज आणि काठीवरून निथळणारे थेंब, एवढंच ऐकू येतं.

आपण बसलेले असतो पाण्याच्या पातळीला. चारी बाजूंनी उंच गवत, म्हणून आपल्याला हातभर अंतरापलीकडे काही दिसत नाही. तो उभा असल्यामुळे त्याला गवताच्या शेंड्यांवरून दूरचं दिसतं. ओकावांगोतली कित्येक बेटं वारुळांपासून सुरू झालेली आहेत. वारुळाच्या उंचवट्यावर झाडं रुजतात, मुळांशी माती आणि क्षार धरून ठेवतात, बेट वाढत जातं. कुठल्या बेटावर रानताड उभे आहेत, कुठल्या बेटाचा मधला भाग खारावून बोडका झाला आहे, ही त्याची मैलाच्या दगडांची जागा. पण नुसत्या खुणांवर भागत नाही, कारण पाण्याच्या वाटा बदलत राहतात. पपायरस या उंच पाणवनस्पतीचे तरंगते ताटवे सुटतात आणि एखाद्या फाट्याचं तोंड बुजवतात. वाळू साचून तळ वर येतो, पाणी दुसरीकडून वाट काढतं. १९व्या शतकात पश्चिमेकडचा थाओगे हा मोठा प्रवाह होता, न्गामी सरोवर त्याच्यावर भरायचं. तो असाच बुजत गेला आणि सरोवर आटलं. हे मोठ्या प्रमाणावर शंभर वर्षांत घडतं आणि लहान प्रमाणावर दर पुरात. त्यामुळे मागच्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही, आणि मोबाइलमधला नकाशा तर तिथे अजिबात कामाचा नाही.

मग तो वाट काढतो कशी? बघत बघत. तळाशी बुडालेलं गवत कुठे झुकलं आहे त्यावरून पाण्याची ओढ कळते. वाळूतून गाळून आल्यामुळे पाणी इतकं नितळ असतं, की तळाचं पातं न् पातं दिसतं. काठाला पपायरस असेल तर तिथे पाणी बारा महिने आणि खोल. लव्हाळी आणि बोरू असेल तर पाणी येऊन-जाऊन असणार. कमळं पसरली असतील तर संथ आणि काठी टेकेल एवढं. (ही निळी कमळं आपल्याकडच्या तळ्यांतही फुलतात, जात तीच. तिथे त्यांचे कंद मांसाबरोबर किंवा माशाबरोबर शिजवतात, त्याला त्स्वी म्हणतात. पाहुण्यांना ते चाखायला मिळालं तर जरूर द्या.) प्रवाहाविरुद्ध जाताना तो काठ धरतो, तिथे ओढ कमी. उघड्या तळ्यासारख्या भागात वारा सुटला की मधून जायचं टाळतो, कारण होडीचा काठ पाण्यावर जेमतेम चार-सहा बोटं असतो आणि छोटी लाटही आत येते. खूप खोल पाण्यात काठी पोचतच नाही. म्हणून उत्तरेला, जिथे नदी अजून एकाच पात्रातून वळणं घेत वाहते, तिथे हंबुकुशू लोक वल्ह्याने होडी हाकत आले आहेत, आणि खाली उथळ पाण्यात बयेई लोक काठीने.

यातल्या अर्ध्या वाटा पाणघोड्यांनी केलेल्या असतात. पाणघोडा दिवसा खोल पाण्यात पडून असतो आणि रात्री चरायला जमिनीवर जातो. रोजच्या या येण्या-जाण्याने त्याच्या अंगाएवढी वाट गवतातून मोकळी राहते, पाणी तिच्यातून वाहतं, आणि नावाडी दिवसा तीच वाट वापरतो. म्हणजे वाट ज्याने केली तोच त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका. पाणघोड्यांनी मोकोरो उलटवल्या आहेत, त्यात माणसं गेली आहेत. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना याची कल्पना नाही हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

मागे एकदा महाराष्ट्रातल्याच एका कंपनीच्या गटाबरोबर मी पाण्यावर होते. नाव घेत नाही. आम्ही पाच-सहा होड्या एका रुंद फाट्यातून चाललो होतो. माझा नावाडी एकदम थांबला. काठी तळाला रोवून धरली आणि खाली बघू लागला. पाण्यावर कमळाची दोन-तीन फाटकी पानं तरंगत होती, देठ वर आलेले, तुटल्या जागा अजून पांढऱ्या. भोवती बाकी सगळं पाणी नितळ आणि एवढ्याच पट्ट्यात गढूळ. त्याने मागच्या होड्यांना हाताने थांबवलं आणि काठीने होडीच्या काठावर दोन-तीनदा टकटक केली. थोड्या वेळाने बऱ्याच पुढे, वळणावर, आधी कान आणि मग नाकपुड्या वर आल्या. पाण्याचा फवारा उडाला. आमच्या गटात आनंदाची लाट उसळली.

टूर लीडर मागच्या होडीतून म्हणाले, थोडं पुढे घ्या, लोकांना फोटो मिळू देत. नावाड्याने मान हलवली. ते म्हणाले, एवढे पैसे भरून लोक आलेत, पाच मिनिटं घ्या. दोन पाहुणे तोवर उभे राहायच्या बेतात होते. नावाडी काही बोलला नाही. त्याने होडी वळवली आणि बाजूच्या गवतात, जिथे मला वाट आहे असंही दिसत नव्हतं, तिथे घातली. गवताची पाती तोंडावर येत होती, कोळ्यांची जाळी अंगावर येत होती. बराच फेरा घेऊन आम्ही पलीकडे निघालो. जेवायला उशीर झाला. संध्याकाळी अभिप्रायाच्या कागदावर लीडरनी लिहिलं: पोलरचं सहकार्य नाही.

त्या तक्रारीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण या लोकांना काम पाळीने मिळतं आणि असा एक शेरा माणसाच्या पाळीवर येऊ शकतो, एवढं मला माहीत आहे. त्याने त्या दिवशी सहा होड्यांतली माणसं सांभाळली आणि त्याच्या नावावर तक्रार लागली. तुम्ही लीडरना प्रशिक्षण देता, विमानतळावरचे फॉर्म कसे भरायचे ते शिकवता. त्यात एवढं एक घाला, की होडीत पाऊल ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत लीडरचा अधिकार संपतो. नावाडी थांब म्हणाला की थांबायचं, वळतो म्हणाला की वळायचं, आज जाता येणार नाही म्हणाला तर जायचं नाही. त्याबद्दल त्याच्या मजुरीतला पैसाही कापायचा नाही, हे आधीच लेखी ठरवून घ्यायचं.

हे कसब कुठून आलं तेही तुमच्या लीडरना ठाऊक असावं. बयेई लोक १८व्या शतकात चोबे-झांबेझीच्या बाजूने ओकावांगोत आले आणि काठीने रेटायची मोकोरो त्यांनी इथे आणली, असं मानतात. मासे, पाणघोड्याची शिकार, पूर ओसरलेल्या ओल्या जमिनीवरची शेती, छपराचं गवत, बोरू, आजारी माणूस, सगळं या होडीतून जायचं. त्यांच्याही आधीपासून पाण्याकाठी राहणारे सान लोक इथे आहेत. हंबुकुशूंची कुटुंबं अंगोलातल्या युद्धामुळे १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या संख्येने आली आणि एत्शाच्या वस्त्यांमध्ये वसली. तिथल्या ताडाच्या पातींच्या टोपल्या तुम्ही माऊनच्या दुकानात बघता. बयेई संख्येने मोठे, पण सत्ता बटावाना या त्स्वाना जमातीच्या प्रमुखांची, आणि बयेईंच्या स्वतःच्या प्रमुखाला मान्यता नाही, अशी स्थिती फार काळ होती. त्यांनी १९९५ साली कामानाकाओ ही संस्था काढली, आपली शियेयी भाषा लिहायला-शिकवायला घेतली आणि न्यायालयात गेले. २००१ साली तिथल्या उच्च न्यायालयाने जमातप्रमुखांविषयीचा कायदा भेदभाव करणारा असल्याचा निकाल दिला. भाषा मात्र घटत चालली आहे. तरुण नावाडी त्स्वाना बोलतात, पाहुण्यांशी इंग्रजी बोलतात, आणि शियेयी आजी-आजोबांकडून ऐकतात. आपल्या गटात कुणी त्याला विचारलं, की तुझ्या घरी कुठली भाषा बोलतात, तर त्याला फार बरं वाटतं. मी विचारलं आहे, आणि त्यानंतर तासभर गप्पा थांबल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र आपल्यापासून दूरची नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला पाणी जावं म्हणून बोरो नदीचा खालचा पट्टा यंत्रांनी उपसून काढला होता. काठ उघडे पडले, गवत-बोरू गेला, मासे गेले. पुढे सरकारने आणखी मोठ्या पट्ट्याचा उपसा करायचं ठरवलं. जानेवारी १९९१मध्ये माऊनच्या खोत्लामध्ये, म्हणजे गावाच्या जाहीर सभेत, लोकांनी मंत्र्यांसमोर उभं राहून त्याला विरोध केला. आधीच्या उपशाने काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकारने काम थांबवलं, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून तपासणी करून घेतली आणि योजना सोडून दिली. बोट्स्वानाचे कच्चे हिरे पैलू पाडायला सुरतेत येतात आणि त्यांचा व्यापार वांद्रे-कुर्ला संकुलात चालतो. तुमच्या सहलींत हिरे व्यापारातली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना बोरोच्या काठी उभं करून हे जरूर सांगा. त्या काठावरची माणसं बोलली नसती तर २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १,०००वं ठिकाण म्हणून ओकावांगोचं नाव लागलं असतं का, मला शंका आहे.

आता व्यवहाराचं बोलते.

एका मोकोरोत दोनच पाहुणे, सामान मोजकं. तीस माणसांचा गट एकदम पाण्यावर काढला तर पंधरा होड्यांची रांग होते, मागच्यांना फक्त पुढच्यांची पाठ दिसते आणि आवाजाने सगळं जनावर पळून जातं. आठ-दहांच्या तुकड्या करा आणि वेगवेगळ्या वाटांनी जाऊ द्या. अंताक्षरी, स्पीकरवरची गाणी, एका होडीतून दुसरीत चिवड्याच्या पाकिटांची फेकाफेक, हे सगळं किनाऱ्यावर राहू दे. पाण्यावरचा आवाज हा नावाड्याचा एक कान असतो, तो तुम्ही बंद करता. ज्यांचे गुडघे धरतात, ज्यांना मांडी घालून किंवा पाय पसरून जमिनीलगत बसवत नाही, त्यांना आधीच सांगा. होडीत बसल्यावर अंग अवघडलं की माणूस नकळत उठायला जातो, आणि ती वेळ वाईट.

एका तासात काही कळत नाही. निदान अर्धा दिवस द्या, आणि शक्य असेल तर एक रात्र बेटावर. पहाटे निघून ऊन चढायच्या आत बेटावर उतरावं, नावाड्याबरोबर पायी फिरावं, दुपारी झाडाखाली पडावं, उतरत्या उन्हात परत पाण्यावर यावं. जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी, जैन, कसाही स्वयंपाक बेटावर होतो, शिधा तुम्हालाच न्यायचा असतो. नावाडी आपलं जेवण आपण करतात. त्यांच्या चुलीशी जाऊन बसायची ज्यांना हौस असेल त्यांनी विचारून बसावं.

पैसा कुणाकडे जातो तेही बघा. माऊनच्या बाजूला गावांनी मिळून चालवलेली ओकावांगो कोपानो मोकोरो कम्युनिटी ट्रस्टसारखी संस्था आहे, सेरोंगाच्या पोलरांनीही स्वतःची संस्था उभी केली. अशा संस्थांमार्फत परवानाधारक पोलर घ्या. मधल्या एजंटाने सगळ्यात स्वस्त दर दिला म्हणून त्याच्याकडे जाल, तर तो दर नावाड्याच्या मजुरीतूनच निघालेला असतो. पोलरला दिवसाचे किती मिळणार, हे करार करताना विचारा आणि लिहून घ्या. काही ठिकाणी आता बायकाही न्गाशी हातात घेतात. त्यांची होडी मिळाली तर कुरकुरणाऱ्या पाहुण्याला तुम्हीच समजावा. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर प्रत्येक नावाड्याची नावानिशी ओळख करून द्या. गाडीच्या ड्रायव्हरची देता ना, तशी.

पुढच्या वर्षाची पत्रकं तुम्ही लवकरच छापायला द्याल. त्याआधी एवढ्या दुरुस्त्या करा: तारखा, होडीचा वेळ, तुकडीची संख्या आणि नावाड्याच्या शब्दाबद्दलचा नियम. प्रवाशांना पाठवायच्या सूचनांत होडीत कसं बसायचं, कधी बोलायचं नाही आणि का, यावर मराठीत एक पान हवं. ते लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. तुमच्या लीडरांच्या बैठकीला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन, फोटो आणि नोंदी घेऊन येईन. ज्या कंपन्या हे बदल करतील त्यांची सहल मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सुचवीन. त्यांनी नेलेल्या गटातल्या लोकांनी परत आल्यावर मला आपल्या नावाड्याचं नाव सांगावं, एवढीच माझी अट राहील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ओकावांगोला पुन्हा पुन्हा जाणारी एक प्रवासी